विजय आणि लंकेचे आद्य राजवंश

श्रीलंकेतील सिंहली राज्याच्या उगमाची कथा ‘दीपवंस’ (सुमारे ४ थे शतक) आणि ‘महावंस’ (सुमारे ५ वे शतक) या पाली ग्रंथांत आली आहे. वंगदेशाच्या राजकन्येला सिंहापासून झालेला सिंहबाहू लाळ देशाचा राजा झाला. त्याने सिंहाला मारले, त्यावरून ‘सिंहल’ हे नाव पडले, असे महावंस सांगतो. लाळ म्हणजे गुजरातचा लाट की बंगालचा राढ, हा वाद जुना आहे. सिंहबाहूचा थोरला मुलगा विजय प्रजेला छळू लागला, तेव्हा बापाने त्याचे व त्याच्या ७०० साथीदारांचे अर्धे डोके भादरून सर्वांना गलबतात बसवून दिले. हे गलबत आधी सुप्पारकाला, म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या आपल्या सोपाऱ्याला लागले. तिथेही दांडगाई केल्यामुळे त्यांना पुन्हा समुद्र गाठावा लागला.

लंकेत उतरल्यावर थकून टेकलेले हात तांबड्या मातीने माखले, म्हणून त्या जागेला तंबपण्णी म्हटले गेले. तिथे झाडाखाली सूत कातत बसलेली यक्षिणी कुवेणी विजयाला भेटली. तिच्याच मदतीने त्याने यक्षांचा संहार केला. पुढे पांड्य राजकन्येशी लग्न करायचे ठरताच दोन मुलांच्या या आईला घालवून दिले. स्वजनांनी फितूर ठरवून तिला मारले. संपूर्ण आख्यानात मनाला लागते ती हीच गोष्ट. कँडी भागातल्या ‘कोहोंबा कंकारिय’ या नृत्यविधीचे मूळ आजही तिच्या शापाशी जोडले जाते.

विजय निपुत्रिक वारला असे ग्रंथ मानतात, कारण कुवेणीची मुले वारसांत धरलेली नाहीत. गादी त्याचा पुतण्या पंडुवासुदेव याच्याकडे गेली.

पंडुवासुदेवाच्या मुलीचा मुलगा पंडुकाभय. त्याची जन्मकथा कृष्णकथेची आठवण करून देते: भाचा मामांचा काळ ठरेल हे भाकीत, कोंडलेली आई, मुलीशी अदलाबदल, गुराख्याच्या घरी वाढ. मामांना मारून तो राजा झाला. जीव वाचवणाऱ्या अभयमामाला मात्र त्याने रात्रीचा नगररक्षक नेमले. अनुराधपूर त्याने राजधानी केली. नगर झाडायला ५०० व गटारांसाठी २०० चांडाळ नेमल्याची नोंद महावंसात आहे. सिंहाच्या कथेपेक्षा मला हा तपशील राज्याच्या खऱ्या आरंभाच्या अधिक जवळचा वाटतो.

कालगणना मात्र ताणलेली आहे. विजयाचे आगमन बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशीच (परंपरेनुसार इ.स.पू. ५४३) बसवायचे, म्हणून पंडुकाभयाला ७० आणि त्याचा मुलगा मुटसीव याला ६० वर्षे राज्य दिले गेले. इतिहासाची पक्की जमीन लागते ती मुटसीवाचा मुलगा देवानंपिय तिस्स याच्यापाशी. तो अशोकाचा समकालीन. त्याच्याच काळात अशोकाचा मुलगा, बौद्ध भिक्खू महेंद्र अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेला आला. अशोकाच्या शिलालेखांतही तंबपण्णीचे नाव आहे, आणि अशोकाच्याच लेखांचे तुकडे सोपाऱ्यातही सापडले आहेत.