खालचा जबडा रुंद करताना हिरडीकडे लक्ष उशिरा का गेलं?

वरचा जबडा रुंद करणं दंतवैद्यांना फार आधीपासून जमत आलं आहे. स्क्रूने टाळू रुंदावण्याची पद्धत एमर्सन अँजेल यांनी १८६० मध्येच लिहून ठेवली होती. वाढीच्या वयात टाळूच्या मधोमध एक शिवण मोकळी असते, तिथेच तो जोर लागू पडतो. खालच्या जबड्यात अशी सोय नाही. त्याचे दोन भाग हनुवटीपाशी जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातच सांधले जातात. त्यामुळे पुढच्या दातांची गर्दी झाली की एखादा दात काढायचा, नाहीतर आहेत ते तारांनी बाहेर ढकलायचे, एवढंच हातात उरायचं. पण ढकलल्याने हाड रुंद होत नाही, दात फक्त हाडाच्या कडेला येतात. तिथलं ओठाकडचं हाड आधीच पापुद्र्यासारखं, वर हिरडी पातळ असली तर ती उतरते आणि मूळ उघडं पडतं. हाडच रुंद करण्याच्या बाजूने हा मुद्दा आजही मांडला जातो. गंमत अशी, की हाड रुंद करायला लागल्यावर बराच काळ मोजलं गेलं ते हाडच.

तंत्र आलं पायाच्या हाडांकडून. मांडीचं हाड ताणून लांब करण्याचे प्रयोग इटलीत कोदिव्हिला यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे सायबेरियातल्या कुर्गान इथे इलिझारोव्ह यांनी त्याला शिस्त लावली: हाड कापा, काही दिवस थांबा, मग रोज साधारण एक मिलिमीटर, तेही थोडं थोडं करून, ताणा. फटीत नवं हाड भरतं. जबड्यावर हे आधी १९७३ मध्ये कुत्र्यावर करून पाहिलं गेलं. अमेरिकेतले सर्जन मॅकार्थी यांनी मुलांचे आखूड जबडे लांब केल्याचं १९९२ मध्ये छापून आलं, तर हनुवटीच्या मध्यावर कापून जबडा रुंद करण्याबद्दल व्हेनेझुएलाच्या गेरेरो यांनी त्याआधीच, १९९० मध्ये लिहिलं होतं.

सुरुवातीचे प्रश्न साहजिकच हाडाचे होते. फट भरते का? भरलेली टिकते का? हिरडीचं भवितव्य मात्र ठरतं एका फार अरुंद जागेत, मधल्या दोन दातांच्या मुळांमध्ये. गर्दीच्या तोंडात ही मुळं जवळजवळ टेकलेली असतात. सर्जन खालून करवतीने वर येतो आणि शेवटचा भाग, दातांच्या अगदी जवळचा, बारीक छिन्नीने उकलतो. दोन्ही मुळांना हाडाचं थोडं थोडं अस्तर राहिलं तर नवं हाड दोन्हीकडून भरत येतं. काप एका मुळाला घासून गेला, तर त्या बाजूला हाड धरायला आधारच उरत नाही. मग खोल खाच पडते, हिरडी बसते, दात हलू लागतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांनी दात सरकवणारा दंतवैद्य, आधी मुळं थोडी फाकवून देतो. मधे जागाच नसेल तर काप शेजारच्या दोन दातांमधून वर काढून खाली हनुवटीच्या मध्यावर वळवतात. माझ्या मते हिरडी वाचते ती इथे. नंतरची औषधं आणि गुळण्या दुय्यम.

हाड ताणणाऱ्या यंत्राचाही वाटा आहेच. दातांना बांधलेलं यंत्र वरच्या बाजूला जास्त उघडतं, दात कलतात आणि आधाराच्या दातांवर ताण येतो. बेल्जियमचे सर्जन मोमार्ट्स यांनी २००१ मध्ये हाडालाच स्क्रूने बसणारं यंत्र मांडलं. त्याने दातांवरचा ताण सुटला, पण ओठाच्या आतल्या घडीत धातूचं यंत्र आलं. ते घासतं, मागे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही आणि हिरडी सुजते.

ताणणं संपल्यावर पुढच्या दातांत मोठी फट दिसते. ती लगेच बुजवायची घाई रुग्णालाही असते आणि कधी कधी डॉक्टरलाही. पण कच्च्या हाडात दात सरकवला तर हिरडीची पकड जाते, म्हणून यंत्र साधारण दोन ते तीन महिने तसंच ठेवतात.

कानाजवळचा जबड्याचा सांधा, दात, हिरडी आणि ओठाची संवेदना हे सगळं एकत्र तपासणारे लेख १९९० च्या दशकाच्या शेवटी येऊ लागले. रुग्णांची संख्या बहुतेकांत लहानच. दाताच्या नसेबाबत एक जपायला हवं: थंड लावल्यावर दात गप्प राहिला म्हणजे तो मेला असं नाही. रक्तपुरवठा शाबूत असू शकतो, संवेदना परतायला काही महिने लागतात. तेवढ्यावर रूट कॅनाल करून टाकणं म्हणजे जिवंत दाताची नस काढणं. दात काळवंडला, सूज आली किंवा एक्स-रेत मुळाच्या टोकाशी डाग दिसला, तर गोष्ट वेगळी.