मलप्रभाकाठचं मंडळ: नोंदणीच्या वादामागची पार्श्वभूमी

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मलप्रभा नदीकाठच्या एका बाजारगावात नदीघाट झाडणं, विसर्जनानंतरचं निर्माल्य उचलणं, स्मशानात लाकूड पोचवणं, पडक्या घरांवर ताडपत्री टाकणं अशी कामं करणारं एक मंडळ आहे. सध्या त्याच्या कार्यकारिणीची निवडणूक लागली आहे आणि कट्ट्याकट्ट्यावर तीच चर्चा चालू आहे. गावाचं नाव इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांना त्याने काही फरक पडत नाही. भांडण वरवर माणसांचं दिसतं, पण त्याचं मूळ काही वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहे: मंडळाची सरकारदरबारी नोंदणी करायची की नाही?

लांबचा इतिहास थोडक्यात आटोपतो. बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं, सार्वजनिक गणेशोत्सव 1905 पासूनचा. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा सफाईचं काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं होतं. भाषणात हा दाखला अजून दिला जातो. पण खानापूरकडच्या गावांत लोकांनी एकत्र येऊन काही करायचं म्हणजे तालीम, भजनी मंडळ आणि नंतर गणपती मंडळ. आजचं मंडळ यांतल्या तिसऱ्याच्या पोटातून निघालं.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि तो महाराष्ट्रात यावा म्हणून सीमाप्रश्नाची चळवळ उभी राहिली. त्यानंतरचं सगळ्यांना पाठ आहे. त्याचा एक परिणाम मात्र कमी बोलला जातो. वर्गणी गोळा करणं, रातोरात माणसं जमवणं, मोर्चा नेणं, अटक झालेल्यांचा जामीन बघणं हे सगळं इथली दोन पिढ्यांची पोरं सीमाप्रश्नाच्या चळवळीत शिकली. त्याच वेळी गावची गटार, पाणी, पथदिवे हे विषय मात्र ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडत गेले. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे त्यांच्या भाषेतही सरकारी कागद मिळावेत, असं तत्त्व मान्य झालेलं आहे. तरी अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागतो म्हणून गटारीचा अर्ज दिलाच नाही, अशी उदाहरणं गल्लोगल्ली सापडतील. भाषेचा हक्क मोठाच आहे, पण साचलेल्या पाण्यातले डास त्याचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत, आणि हे उघड बोलायला गावाला फार वर्षं लागली.

कर्नाटकाचा पंचायतराज कायदा 1993 चा. पंचायतीच्या हाती पैसा आणि कामं आल्यावर ती होत नाहीत हेही डोळ्यांवर आलं. त्याच सुमारास गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून घाटाची सफाई सुरू झाली. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही त्या काळची आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च: खराटे, बुट्ट्या, ट्रॅक्टरचं डिझेल, चहा-चुरमुरे. कुणी पाच रुपये दिले, कुणी एक पोतं चुना. सही एकाचीच, गावातल्या एका निवृत्त गुरुजींची. हिशोब विचारायची कुणाला गरज वाटली नाही, कारण वही गुरुजींच्या ओसरीवर खुंटीला लटकलेली असायची. ज्याला बघायची त्याने बघावी.

या बसलेल्या घडीला पहिला धक्का बायकांनी दिला. 2000 नंतर सरकारच्या स्त्रीशक्ती योजनेतून बचत गट झाले आणि ठराव लिहिणं, बँकेत सही जुळवणं, कर्जाचा हप्ता मागे लागून वसूल करणं ही कामं त्यांच्या हातची झाली. मंडळात त्या आल्या तेव्हा खुंटीवरच्या वहीवर त्या हसल्या, आणि त्यांचं हसणं रास्त होतं.

मग आला ऑगस्ट 2019. कणकुंबी आणि जांबोटीकडे कोसळलेला पाऊस मलप्रभेतून खाली येतो, आणि त्या वर्षी तर जिल्हाभर महापूर होता. मातीच्या भिंती भिजून बसल्या. सरकारने पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख आणि तातडीची मदत म्हणून 10 हजार रुपये जाहीर केले, पण घर पूर्ण पडलं की अर्धं, हे ठरेपर्यंत लोक ताडपत्रीखालीच होते. गोवा, कोल्हापूर, मुंबईकडच्या ओळखीच्यांनी मंडळाला पैसे पाठवायचे म्हटलं. मंडळाचं खातं नव्हतं, म्हणून दोन पोरांच्या खात्यांवर पैसे आले. गावात कुजबूज सुरू व्हायला तेवढं पुरलं. एकाला तर बँकेच्या खिडकीवर विचारलं गेलं, एवढा पैसा एकदम कुठला? मंडळाच्या नावाने खातं उघडायला गेल्यावर आधी नोंदणीचा कागद मागितला.

नोंदणी करायची तर कर्नाटकाच्या 1960 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. किमान सात सभासद, उद्देशांचं निवेदन, नियमावली. नंतर दरवर्षी सर्वसाधारण सभा, कार्यकारिणीची यादी आणि हिशोब जिल्ह्याच्या निबंधकाकडे. हे काम सहकार खात्याकडे असतं. कागद म्हणून यात अवघड काही नाही. अवघड होतं ते म्हाताऱ्यांच्या मनातलं.

त्यांचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण पोरांनी ते ‘जुनाट’ म्हणून झटकलं. पहिला मुद्दा भावनेचा होता: जे राज्य आपण मानलंच नाही, त्याच्या दारात नाव घालायला का जायचं? याला उत्तर सोपं होतं. रेशनकार्ड त्याच राज्याचं, सातबारा म्हणजे इथला उतारा त्याच राज्याचा, मतदानही तिथेच. दुसरा मुद्दा मात्र कायद्याचा होता आणि तो पक्का होता. याच कायद्यात निबंधकाला चौकशीचा अधिकार आहे, आणि कारभार बिघडला असं ठरलं तर सरकार संस्थेवर प्रशासक नेमू शकतं. आज घाट झाडताय, उद्या कुणाच्या तरी तक्रारीवर मंडळाची चावी दुसऱ्याच्या हातात गेली तर? सीमाभागातल्या मराठी माणसाला ही भीती हवेतली वाटत नाही.

तिसरा मुद्दा गुरुजींच्या पिढीलाच सुचू शकला असता. मुंबई राज्यात असताना इथल्या देवळांची, वाचनालयांची नोंद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झाली. राज्य बदललं तरी तो मुंबईचा कायदा बेळगाव भागात पुढे कित्येक वर्षं लागू राहिला. म्हणजे वरचं सरकार बदललं तरी जुन्या संस्थांचा कागद जुनाच होता. गावातला एक जुना ट्रस्ट आहेच, त्याच्याच छत्राखाली काम करू, वेगळी नोंदणी नको, असा तो तोडगा होता. वाईट नव्हता. पण त्या ट्रस्टच्या विश्वस्तांत एकही बाई नव्हती आणि वर्गणी गोळा करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. तोडगा तिथेच बारगळला. सभेत एका वहिनींनी एवढंच विचारलं म्हणतात, “पैसे आम्ही मागायचे आणि सही मामांनी करायची का?”

लॉकडाऊन उठल्यावर नोंदणी झाली. विरोध करणाऱ्यांपैकी काहींनी सभासद व्हायला नकार दिला, पण रविवारी खराटा घेऊन घाटावर येणं सोडलं नाही.

त्यानंतरच्या घटना भराभर घडल्या. नोंदलेली संस्था म्हटल्यावर फलक आला, आणि फलकावर 60 टक्के जागा कन्नडला हवी हा नियम 2024 च्या सुरुवातीला कडक झाल्यावर तो पुन्हा रंगवावा लागला. म्हाताऱ्यांना ‘सांगितलं होतं की नाही’ म्हणायला कारण मिळालं. पाठोपाठ आरोग्य योजनेचा पेच. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. ऑपरेशनाला पैसे नसलेल्या घरांसाठी ती मोठीच सोय. फॉर्म भरायला मदत करणं हे मंडळाचंच काम होतं, पण कर्नाटकाने हरकत घेतली आणि 2024 च्या जानेवारीत बेळगावातल्या योजनेच्या केंद्रांना टाळं लागलं. मंडळाने आपला शिक्का फॉर्मच्या जवळपासही येऊ दिला नाही. मग तेच कार्यकर्ते आपापल्या नावाने, आपापल्या घरात बसून फॉर्म भरून देऊ लागले. ही पळवाट म्हणा किंवा शहाणपण, पण नोंदणी नसती तर तिची गरज पडली नसती, हे विरोधकांचं म्हणणं खोडता येत नाही. दुसऱ्या बाजूला, स्मशानातली शेड देणगीच्या पैशातून उभी राहिली आणि त्या देणगीदाराला पावती लागत होती, हेही तितकंच खरं.

आता निवडणुकीत दोन पॅनेल आहेत. एकाचं म्हणणं, संस्थेने पंचायतीची कंत्राटं घ्यावीत, कचरा गोळा करण्याचं काम पगारी माणसं ठेवून करावं. दुसऱ्याचं म्हणणं, पगार आला की रविवारचे खराटे बंद होतील. सर्वसाधारण सभेची नोटीस नियमाप्रमाणे कन्नड आणि मराठी दोन्हीत लागली आहे. जुनं, न नोंदलेलं गणपती मंडळही चालूच आहे. त्याची वही वेगळी आणि खजिनदार मात्र तोच, फक्त गणपतीची वर्गणी तो अजून पावतीशिवाय घेतो.