पार्श्वभूमी : ‘गेकिजोबान’ नावाचा घोळ

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेअर’ या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेवरचा ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा आपल्याकडे लागला. जपानी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही. मोठ्या शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. १५५ मिनिटांनी बाहेर पडलेल्या प्रेक्षकांत दोन तट दिसले. एक म्हणे, याला सिनेमा कसं म्हणायचं? ना सुरुवात ना शेवट, लढाई ऐन रंगात आली की फ्लॅशबॅक. दुसऱ्याचं उत्तर तयार होतं : मालिका न बघता आलात, त्याला सिनेमा काय करणार?

भांडण खरं तर एका शब्दाचं आहे. जपानीत मालिकेवरून काढलेल्या सिनेमाच्या नावाआधी ‘गेकिजोबान’ लागतं. अर्थ साधा आहे, थिएटरची आवृत्ती. पण या एका पाटीखाली तीन वेगळ्या जातींचा माल विकला जातो.

पहिली जात ‘सोशूहेन’ची, म्हणजे झालेले एपिसोड कापून-जोडून केलेली. तिला शिळ्या कढीला ऊत म्हणायचा मोह होतो, पण याच कढीनं अ‍ॅनिमेला सज्ञान प्रेक्षक मिळवून दिला. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ १९७४ साली टीव्हीवर फारशी चालली नव्हती. तिच्या २६ एपिसोडांचा १९७७ साली सिनेमा केला, तेव्हा पोरांनी आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या. ‘मोबाइल सूट गंडम’चे ठरलेले ५२ एपिसोड ४३ वरच आटोपले होते. १९८१-८२ मधल्या तीन संकलित सिनेमांनी तिला पुन्हा उभं केलं. व्हिडिओ कॅसेट घरोघरी नसण्याचा तो काळ, चुकलेलं बघायला दुसरी जागाच नव्हती.

दुसरी जात सुट्टीतल्या बाजूच्या गोष्टीची. डोरेमॉन १९८० पासून जवळजवळ दर वर्षी एक. ‘ड्रॅगन बॉल झी’चे जुने सिनेमे याच जातीचे. कुठला खलनायक कधी आला, नायक गोकू तेव्हा कुठे होता, याचा मालिकेशी मेळ बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही कोणी केला नाही. बघितला तर मजा, नाही बघितला तर काही बिघडत नाही. माझ्या वयाचे बहुतेक जण हिंदी डबिंगवर वाढले आणि ‘कार्टूनचा पिक्चर’ म्हणजे हेच, अशी आमची समजूत झाली. आजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ त्या समजुतीत आहे.

तिसरी जात म्हणजे मालिकेचाच पुढचा भाग, जो वगळला तर गोष्ट तुटते. हे काही परवाचं नाही. २०१० चा ‘द डिसअपिअरन्स ऑफ हारुही सुझुमिया’ असाच होता. पण तो ठरावीक चाहत्यांपुरता राहिला. या जातीला बाजार मिळाला तो ‘डेमन स्लेअर’च्याच पहिल्या सिनेमामुळे, ‘मुगेन ट्रेन’मुळे, आणि त्या निर्णयावर अजून वाद घातला जातो.

‘डेमन स्लेअर’चा पहिला सीझन सप्टेंबर २०१९ मध्ये २६ व्या एपिसोडला संपला. नायक आगगाडीत चढतात आणि पडद्यावर येतं, पुढचं थिएटरात. चिडचिड झालीच. निर्मात्यांनी पैशासाठी केलं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पैसा नको असतो कोणाला? पण मला तो निर्णय अजूनही योग्य वाटतो. मूळ मांगात, म्हणजे जपानी कॉमिकात, हा आर्क (कथेचा टप्पा) जेमतेम दोन खंडांचा. एक गाडी, एक रात्र आणि एक पाहुणा योद्धा, ज्याची ओळख आणि शेवट एकाच बैठकीत व्हायला हवा. (काय होतं ते सांगत नाही.) एवढ्याशा ऐवजाचा सीझन होत नाही, ११७ मिनिटांचा सिनेमा मात्र नेमका होतो.

नशिबाची साथही मोठी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडमुळे हॉलिवूडचे सिनेमे पुढे ढकललेले, पडदे रिकामे. टोकियोतल्या एका मल्टिप्लेक्सनं पहिल्या दिवशी ४२ खेळ लावले. दहा दिवसांत हजार कोटी येनचा गल्ला झाला. जपानात सर्वाधिक कमाईचा ‘स्पिरिटेड अवे’चा १९ वर्षं टिकलेला विक्रम डिसेंबरात मोडला आणि अखेर आकडा चार हजार कोटी येनच्या पुढे गेला.

मग झाली उलटी गंगा. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच सिनेमाचे तुकडे करून टीव्हीवर सात एपिसोड दाखवले. पहिला एपिसोड नवा, बाकीचा सिनेमाच. सोशूहेन मालिकेचा सिनेमा करायचं, इथे सिनेमाची मालिका झाली.

त्यानंतर ज्याचा-त्याचा तोल सुटला, असं माझं मत. २०२३ आणि २०२४ च्या सुरुवातीला ‘डेमन स्लेअर’च्याच संपलेल्या सीझनचा शेवट आणि येणाऱ्याची सुरुवात एकत्र शिवून थिएटरात लावली. २०२४ च्या अखेरीस ‘सोलो लेव्हलिंग’नं पहिल्या सीझनचा सारांश आणि दुसऱ्याचे दोन एपिसोड दिले. ‘जुजुत्सु कायसेन’नं २०२५ मध्ये तोच प्रयोग केला. घरबसल्या सगळे एपिसोड हाताशी असताना सोशूहेनला १९७७ ची सबब उरत नाही. राहतो तो मोठा पडदा आणि चार आठवडे आधी बघितल्याचा तोरा.

‘इन्फिनिटी कॅसल’ या पंक्तीत बसत नाही, तो सगळा नवा आहे. त्याचं दुखणं वेगळं. जून २०२४ मध्ये मालिका जिथे थांबली, तिथूनच तो सुरू होतो. म्हणजे पूर्वरंग घरी ऐकून या, उत्तररंग थिएटरात, आणि तोही तीन सिनेमांत वाटलेला. मांगात दर आठवड्याला एक प्रकरण यायचं, तेव्हा मध्येच आलेला भूतकाळ दम घ्यायची जागा असायचा. इथे तीन लढाया ओळीनं, प्रत्येकीच्या पोटात एक भूतकाळ. आकाझा या राक्षसाचा भाग तेवढाच सुटा बघितला तर अप्रतिम आहे. तिसऱ्या फ्लॅशबॅकपर्यंत माझ्या शेजारचा मुलगा मोबाइल काढून बसला होता. त्याच महिन्यात आलेला ‘चेनसॉ मॅन’ मालिकेचा सिनेमा ‘रेझे आर्क’ हाही तिसऱ्या जातीचाच, पण एक भेट, एक पावसाळी प्रेम आणि एक शेवट. तो ‘मुगेन ट्रेन’चा धडा शिकलेला वाटला.

आपल्याकडची गंमत अशी, की २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा अ‍ॅनिमे सिनेमा इथे लागावा म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम केली होती, पन्नास हजारांवर सह्या जमल्या होत्या. तो कुठल्याही मालिकेवर न टेकणारा स्वतंत्र सिनेमा होता. दार त्यानं उघडलं, आत शिरले ते बहुतेक गेकिजोबान.

‘डेमन स्लेअर’ आज नव्यानं सुरू करणाऱ्याला यादीत ‘मुगेन ट्रेन’ दोनदा दिसतो, सिनेमा आणि सात एपिसोड. दोन्ही बघायची गरज नाही. सात एपिसोडांतला पहिला बघा, मग सिनेमा.