मेरुरज्जूच्या आवरणांतील आसंजन व शोथ

मेरुरज्जूभोवती (पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवती) बाहेरून आत दृढतानिका, जालतानिका व मृदुतानिका अशी तीन आवरणे असतात. शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) या आवरणांतील पेशींच्या धरून राहण्याच्या क्षमतेत होणारा बदल हा या नोंदीचा विषय. ‘आसंजन’ शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत. पेशीने पेशीला विशिष्ट प्रथिनांनी धरणे हा एक, आणि आजारानंतर दोन पृष्ठभाग तंतुमय ऊतकाने डकवले जाणे हा दुसरा. शोथात आवरणाच्या पेशींची पकड सैल होते आणि डकवणे वाढते. दोन्ही अर्थ एकत्र केल्याने पाठ्यपुस्तकांतही घोटाळा आढळतो.

जालतानिकेला कोळ्याच्या जाळ्यावरून नाव देण्याचे श्रेय बहुधा गेरार्डस ब्लासियस (१६६४) याला दिले जाते. काही लेखक सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक रॉइश याने केलेल्या वर्णनाला अधिक महत्त्व देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ बिशा याने हे आवरण फुप्फुसावरणासारखे दुपदरी मानले. दृढतानिका आणि जालतानिका यांच्यामध्ये नैसर्गिक पोकळी असते, ही समजूत त्यामुळे दीर्घकाळ टिकली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्र बदलले. दृढतानिकेच्या सर्वांत आतल्या थरातील पेशींमध्ये जोड फार थोडे असतात आणि आधाराला कोलॅजनही (ऊतकाला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) नसते. म्हणून हा थर रक्तस्रावाने किंवा सुईने सहज फाटतो व ‘पोकळी’ तयार होते. हेन्स व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेले हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. २०२३ मध्ये डेन्मार्क व अमेरिकेतील संशोधकांनी उंदीर आणि मानव यांत चौथ्या पडद्याचे वर्णन केले आहे. तो वेगळा थर मानावा की नाही याबद्दल दुमत असल्याने येथे तीनच आवरणे धरली आहेत.

त्या सैल थराला लागून जालतानिकेचा रोधक थर असतो. त्याच्या पेशी घट्ट जोड व डेस्मोसोम (पेशींना जोडणाऱ्या टाचण्यांसारख्या रचना) यांनी बांधलेल्या असतात. ई-कॅडहेरिन आणि क्लॉडिन-११ ही त्यातील महत्त्वाची प्रथिने. मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जूभोवतीचे पाणी) आत अडवून धरणारी भिंत खऱ्या अर्थाने हीच.

शोथ सुरू झाला की टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-१ यांसारखे संदेशक पाझरतात. आवरणांतील बारीक शिरांच्या अस्तरावर प्रथम पी-सिलेक्टिन येते, मग आयकॅम-१ व व्हीकॅम-१; ही सारी पांढऱ्या पेशींना पकडणारी प्रथिने. पांढऱ्या पेशी आधी गडगडत येतात, नंतर स्वतःवरील इंटेग्रिन या पकड-प्रथिनांच्या साहाय्याने चिकटतात व बाहेर पडतात. उंदरांवरील प्रयोगांत (२००९) टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मेरुरज्जूच्या पृष्ठभागावरील शिरांवर प्रवाहाविरुद्धही सरपटताना दिसल्या. नॅटालिझुमॅब हे औषध (२००४) आल्फा-४ इंटेग्रिनाची नेमकी हीच पकड अडवते. दरम्यान एमएमपी-९ सारखी विकरे घट्ट जोडांची प्रथिने तोडतात आणि भिंत गळू लागते.

गळतीतून आलेल्या फायब्रिनाचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) तंतू मज्जातंतूंच्या मुळांभोवती साचतात. गुऱ्हाळात काहिलीवर उभा राहिलेल्या कोल्हापूरकराने पाकाची तार पाहिलेली असते. आरंभीचे रूप साधारण तसे, ओले व सुटण्याजोगे. वेळेत विरघळले नाही तर त्यात कोलॅजन शिरते आणि अश्वपुच्छाची (मेरुरज्जूच्या टोकाखालील झुपक्याची) मुळे एकमेकांना किंवा आवरणाच्या भिंतीला कायमची डकतात. हाच आसंजी जालतानिकाशोथ. एमआरआयमध्ये मुळांचा मध्यभागी झुबका, रिकामी भासणारी पिशवी किंवा भरीव गोळा असे त्याचे तीन प्रकार ओळखतात (१९९०).

कारणांत भारतापुरते क्षयरोगाला अग्रस्थान द्यावे लागते. मुंबईच्या नोशीर वाडिया व दाराब दस्तूर यांचे १९६९ मधील लेखन आजही पायाभूत मानले जाते. पूर्वी क्ष-किरण चित्रणासाठी मेरुद्रवात सोडले जाणारे तेलकट आयोफेंडिलेट हे दुसरे ज्ञात कारण. इंग्लंडमध्ये १९४७ साली पाठीतून भूल दिल्यावर वुली व रो हे दोन रुग्ण कायमचे पंगू झाले. भुलीच्या औषधाच्या कुपीच्या अदृश्य तड्यांतून फिनॉल (कुप्या ज्यात ठेवत ते जंतुनाशक) शिरले, असे न्यायालयात मान्य झाले. १९९० मध्ये मात्र उपकरणे उकळण्याच्या भांड्यात राहिलेले आम्ल हे कारण सुचवण्यात आले, आणि तेच अधिक पटते.

कोल्हापूरकडे ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अंथरूण धरतो’ ही धास्ती घराघरांत ऐकू येते; पाणी काढणे म्हणजे तपासणीसाठी सुईने मेरुद्रव घेणे. तिथल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या शासकीय रुग्णालयासारख्या ठिकाणी नातेवाइकांची ही धास्ती दूर करणे हे मोठेच काम असते. प्रौढात मेरुरज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात, जिथे मुळे पाण्यात तरंगत असल्याने सहसा बाजूला सरकतात. ही तपासणी नाकारल्याने क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाचे निदान मात्र लांबते, आणि डकवणारा आजार तोच असतो.

उपचारांची बाजू तोकडी आहे. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथात डेक्सामेथासोन या शोथ कमी करणाऱ्या स्टेरॉइडने मृत्यू घटतात, असे व्हिएतनाममधील चाचणीत (२००४) दिसले. अपंगत्व मात्र लक्षणीय घटले नाही. शस्त्रक्रियेने मुळे सोडवता येतात, पण सोडवलेल्या जागी पुन्हा फायब्रिन साचून ती बहुधा परत डकतात.