धक्क्याने न सुटणारे कुलूप

गाडी सेल्फ घेत नसली की चार माणसे बोलावून धक्का मारायचा, हा विदर्भातील खेड्यांचा जुना उपाय आहे. ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० च्या काळात तो बहुधा लागू पडत असे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या, इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी मिळाली की भागत असे; चावी अस्सल आहे की नाही, हे तपासणारे गाडीत काहीच नव्हते.

ही तपासणी आधी परदेशात सुरू झाली. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटच्या चावीत एक लहानसा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठराविक अडथळा करणारा भाग, बसवला आणि त्याचे माप जुळल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये अशी सोय केली. पुढच्या दशकात रेझिस्टरची जागा चिपने घेतली, आणि युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी सोय, सक्तीचा झाला. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. चावीच्या कुलपाभोवती असलेली तारेची कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी तिला जागे करते, चिप आपला संकेत देते आणि तो पटला तरच इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंधन सोडतो.

आपल्याकडे २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर मागे पडून इंधन मोजून फवारणारे फ्युएल इंजेक्शन आले आणि त्यासोबत ईसीयू आला. चोरी रोखण्याची ही सोय त्याच पेटीत बसवणे मग सोपे झाले. मारुतीने तिला आय-कॅट्स असे नाव दिले. ज्या गाड्यांत ती नव्हती, त्यांच्या मालकांनी बाजारातून सायरनचे अलार्म बसवून घेतले, आणि गाडी सुरू न होण्याच्या खेड्यांतील आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ माझ्या मते या दुसऱ्या प्रकारात आहे. असा अलार्म बसवताना सेल्फकडे जाणारी वायर तोडून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घालतात आणि जोडावर टेप गुंडाळतात. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, टेपचा डिंक सुटतो, जोड सैल होतो. शिवाय नागपूरहून सेकंड हँड घेतलेल्या गाडीत तो रिले डॅशबोर्डमागे नेमका कुठे दडवला आहे, हे नव्या मालकाला ठाऊक नसते. जुन्या डिझेल जीपगाड्यांत हीच करामत पंपावरच्या सोलेनॉइडवर, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या झडपेवर, केलेली आढळते.

बिघाड बाजारातल्या अलार्मचा आहे की ईसीयूच्या इमोबिलायझरचा, हे ओळखायला तोच जुना धक्का कामी येतो. अलार्मने केवळ सेल्फ तोडला असेल, तर किल्ली चालू ठेवून धक्का मारल्यावर गाडी सुरू होते. ईसीयूने चावी नाकारली असेल, तर सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन क्षणभर पेटून बंद पडते किंवा पेटतच नाही, चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो आणि गावभर ढकलली तरी गाडी ऐकत नाही. मात्र आधी बॅटरी तपासावी: पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, पण कमजोर झालेली सेल्फ मारताच दहाच्या खाली घसरते आणि तेवढ्यात ईसीयूला चावी नीट वाचता येत नाही. तालुक्याच्या बाजारात कापून घेतलेली साधी डुप्लिकेट चावी दार उघडते, कुलपात फिरतेही. फक्त तिच्यात चिप नसते.