बहिणीचा वाटा आणि दुसरे अपील

खान्देशातला शेतजमिनीच्या वाटपाचा दावा बहुधा तालुक्याच्या न्यायालयात सुरू होतो, पहिल्या अपिलात जिल्हा न्यायालयात जातो आणि दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे येतो. हे खंडपीठ १९८१ साली सुरू झाले. त्याआधी जळगाव-धुळ्याच्या पक्षकाराला मुंबईच गाठावी लागे.

बहिणीच्या वाट्याबाबत आज अपिलांत जे निकाल लागतात, त्यांच्या मागे कायद्याची मोठी उलथापालथ आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीलाही तो हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे ज्यांना गरज होती, त्यातल्या कितीतरी जणी बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, त्या दिवशी वडील हयात हवेत. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तेही पुसले: हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असोत वा नसोत.

भावांचा नेहमीचा बचाव असतो, ‘वाटणी तोंडी झाली, फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची महसुली नोंद) झाला.’ विनीता शर्मा निकालाने त्यालाही चाप लावला. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. तोंडी वाटणी अपवाद म्हणूनच, आणि तीही सरकारी कागदपत्रांच्या भक्कम आधाराने, मान्य होते. हक्कसोडही तलाठ्याकडच्या वर्दीवर, म्हणजे नोंदीसाठी दिलेल्या खबरीवर, होत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो.

दुसऱ्या अपिलाचे दार मात्र अरुंद आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालय ते ऐकते. साक्षी-पुरावे साधारणपणे पुन्हा तोलत नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी वाटणी झाल्याचे मानले, तर बहिणीच्या वकिलाला दाखवावे लागते की ते मानताना २००५ ची दुरुस्तीच डावलली गेली. मला हाच सगळ्यात कळीचा भाग वाटतो, कारण जुने फेरफार आणि त्यामागची वर्दी मुळातच दाखल केली नसेल, तर बहिणीला तो मुद्दा मांडणे फार अवघड जाते. एक दिलासा आहे: अंतिम हुकूमनामा होईपर्यंत वाटपाचा दावा प्रलंबितच मानला जातो, त्यामुळे प्राथमिक हुकूमनाम्यानंतर (ज्यात फक्त कोणाचा किती हिस्सा ते ठरते) कायदा बदलला तरी हिस्से नव्याने ठरवता येतात.