तळहातावरच्या बुद्धिबळपटूची ताकद मोजताना

ऑगस्ट 2009 मध्ये अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस येथे कोपा मर्कोसूर ही बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि ती एका मोबाइल फोनने जिंकली. एचटीसी टच एचडी या 528 मेगाहर्ट्झच्या फोनवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ 4’ या प्रोग्रामने दहापैकी नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला, आणि त्याची कामगिरी 2898 एलो गुणांच्या (बुद्धिबळपटूची ताकद दाखवणाऱ्या गुणांकनाच्या) तोडीची ठरली. हा आकडा तेव्हा सर्वत्र गाजला. मात्र तो कसा तयार होतो हे पाहिल्याशिवाय त्यावरून दोन प्रोग्रामांची तुलना करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

एलो गुणांकन म्हणजे मूलतः अपेक्षित निकालाचे गणित आहे. दोन खेळाडूंमध्ये 200 गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने दीर्घकाळात सुमारे 76 टक्के गुण मिळवावेत, अशी त्याची मांडणी आहे. स्पर्धेतील कामगिरी काढताना हेच गणित उलट दिशेने वापरतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या तक्त्यानुसार 95 टक्के गुण मिळवणाऱ्याच्या नावावर प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीपेक्षा 470 गुण जास्त मांडले जातात, 90 टक्क्यांना 366, तर शंभर टक्क्यांना 800. म्हणजे बरोबरीत सुटलेला तो एकच डाव फोन हरला असता, तर त्याची कामगिरी शंभराहून अधिक गुणांनी घसरली असती, आणि तोच डाव जिंकला असता तर ती तीनशेहून अधिक गुणांनी वर गेली असती. विजय निर्विवाद होता, परंतु 2898 या आकड्याच्या शेवटच्या दोन अंकांना काही अर्थ नव्हता.

दोन प्रोग्राम एकमेकांशी खेळवले तरी ही अडचण सुटत नाही. साधारण एक तृतीयांश डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर 20 डावांच्या सामन्यातून निघणाऱ्या गुणांतरात दोन्ही बाजूंना सुमारे सव्वाशे गुणांची चूक संभवते. 100 डावांनंतर ती पंचावन्नच्या आसपास येते आणि 400 डावांनंतर सत्तावीसच्या, कारण चूक निम्मी करायची तर डाव चौपट खेळवावे लागतात. तेव्हा 20 डावांत 11–9 असा निकाल लागला, तर त्यावरून कोण बलवान हे ठरतच नाही.

टेबलावरच्या संगणकात दोन इंजिने, म्हणजे खेळी शोधणारे प्रोग्राम, एकमेकांना जोडून रात्रभर शेकडो डाव आपोआप खेळवता येतात. पाम किंवा पॉकेट पीसी या तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकांवर मात्र चाचणी घेणारा माणूस दोन उपकरणे समोर ठेवून, एकावरची खेळी पाहून ती लेखणीने दुसऱ्यावर करत असे. चाळीस खेळ्यांना दोन तास अशी स्पर्धेची वेळ दिली, तर एका डावातच सारा दिवस जाई, म्हणून पुष्कळदा वेळ कमी करून जलद डाव खेळवले जात. त्यातही एक खाचखळगा होता: प्रोग्रामकडे सुरुवातीच्या खेळ्यांचा साठा तुटपुंजा असेल, तर तो तोच डाव पुन्हा पुन्हा खेळू शकतो, आणि मग नोंदवहीतले दहा डाव प्रत्यक्षात एकाच डावाच्या दहा प्रती असतात. ठरावीक सुरुवातीच्या स्थिती निवडून प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळवणे हा त्यावरचा चांगला उपाय होय.

आता उपकरणाकडे वळू. 1996 च्या पहिल्या पाम पायलटमध्ये 16 मेगाहर्ट्झचा मोटोरोला ड्रॅगनबॉल प्रोसेसर होता, तर 2002 मधील टंगस्टन टी या पामला 144 मेगाहर्ट्झचा एआरएम या वेगळ्या घराण्यातील प्रोसेसर मिळाला. वेग दुप्पट झाला की इंजिनाच्या ताकदीत 50 ते 70 गुणांची भर पडते, असा तेव्हाचा ठोकताळा होता. तरीही मेगाहर्ट्झची वजाबाकी करून ताकद सांगता येत नसे, कारण जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले पामचे प्रोग्राम नव्या उपकरणावर अनुवादक सॉफ्टवेअरमधून चालत आणि वेगाचा बराच भाग त्या अनुवादातच खर्ची पडे. गणनेचा गाभा थेट एआरएमसाठी लिहिलेला असेल, तर तेच इंजिन त्याच उपकरणावर कितीतरी अधिक वेगाने चाले. शिवाय पटाच्या 64 घरांसाठी 64 बिटांचे आकडे वापरणाऱ्या इंजिनांची 32 बिटांच्या या प्रोसेसरांवर ओढाताण होई. स्मृती तोकडी असल्याने आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्यासाठीचा तक्ताही आखूड राही.

नावावरूनही फसगत होऊ शकते. ‘पॉकेट फ्रिट्झ 2’ मध्ये फ्रिट्झ नव्हे, तर स्टेफान मायर-काहलेन यांचे श्रेडर हे इंजिन होते, आणि ब्युनोस आयरेसच्या विजेत्यात मार्क युनियाक यांचे हायार्क्स 13. त्यामुळे डेस्कटॉपवरील फ्रिट्झचे गुणांकन पाहून पॉकेट फ्रिट्झची ताकद अदमासणे चुकीचे ठरते. तुलनेची नोंद करताना इंजिन आणि त्याची आवृत्ती, उपकरण, प्रत्येक खेळीचा वेळ आणि डावांची संख्या ही माहिती सोबत असायलाच हवी.

इतकी काटेकोर चाळणी लावूनही ब्युनोस आयरेसच्या निकालातील एक गोष्ट मला थक्क करते. 1997 मध्ये तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक खास बनवलेल्या चिपांच्या जोरावर सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे, तर फोनवरचे हायार्क्स सेकंदाला 20 हजारही तपासत नव्हते. दहा हजार पटींची ही तूट फोनच्या वेगाने भरून निघणे शक्यच नव्हते. ती भरून काढली ती कोणत्या खेळ्या खोलवर पाहायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या याच्या निवडीने, आणि राजाची सुरक्षा किंवा प्याद्यांची रचना यांसारख्या गोष्टींच्या नेमक्या मूल्यमापनाने. फोनच्या त्या नऊ विजयांमागे युनियाक यांचे कित्येक वर्षांचे काम होते.